डावा जोड, उजवा जोड आणि आरशातला प्रोग्राम

जबलपूर येथील कामगार शिक्षण वर्गात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक कामगारांपुढे दिलेले भाषण



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय "नवी यंत्रे आणि कामगारांची जबाबदारी" असा छापला आहे. विषय फार मोठा आहे, आणि इतक्या मोठ्या विषयावर बोलताना वक्ता हमखास हवेत जातो. म्हणून मी त्यातला एक लहान तुकडा घेणार आहे. सीएनसी राउटरवर डाव्या आणि उजव्या बाजूचे जोडीचे भाग कापताना नेमके काय होते, ते बिघडले तर कसे बिघडते आणि त्याचा दोष कुणाच्या माथी येतो, एवढेच आज बोलू.

टपाल खात्यातल्या साथींना वाटेल, हे वर्कशॉपचे दुखणे आम्हाला कशाला? पण उलट्या-सुलट्याचे काम तुम्ही रोज हाताळता. तारखेच्या शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात, म्हणून तर पाकिटावर ठसा सुलटा उमटतो. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलणाऱ्या माणसाला उलटा आकडा वाचण्याची सवय असते. नव्या माणसाच्या हातून आकडा एखाद्या दिवशी उलटा बसला, की दिवसभराच्या टपालावर त्याची साक्ष राहते. आमच्या राउटरचे दुखणे याच जातीचे आहे, फक्त तिथे कागदाऐवजी बोर्डाची शीट वाया जाते.

मूळ गोष्ट सोपी आहे. पायातल्या चपलांचा जोड घ्या. दोन्हींचे माप एकच, लांबी-रुंदी एकच, तरीही डावी चप्पल कशीही फिरवली तरी उजव्या पायात नीट बसत नाही. आरशात मात्र डावी चप्पल उजवी दिसते. दार, झडप, बर्थच्या बाजूचे पार्टिशन, खिडकीखालचे पॅनेल, सगळ्यांचे असेच असते. बिजागर एका बाजूला, कडी दुसऱ्या बाजूला. जोडीच्या दुसऱ्या भागात ते उलट.

रेल्वेत हा डाव्या-उजव्याचा हिशेब जरा जास्तच अवघड आहे. आपल्या गावच्या व्हेइकल फॅक्टरीतून शक्तिमान ट्रक बाहेर पडत असत. त्यांची सुरुवात १९५९ साली गन कॅरेज फॅक्टरीत झाली आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. ट्रकच्या बाबतीत डावे कोणते, यावर भांडण होत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, तोंड पुढे, डावा हात तो डावा. मूळ आराखडा जर्मनीच्या मॅन कंपनीचा. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. तरी "ड्रायव्हरचा डावा हात" म्हटले की जर्मन आणि जबलपुरी दोघेही एकाच बाजूला बोट दाखवतील.

रेल्वेच्या डब्याला पुढचे आणि मागचे तोंड नसते. आज जे टोक इंजिनाकडे आहे, ते उद्या परतीच्या प्रवासात शेवटी असते. आतून पाहणाऱ्याचे डावे ते फलाटावरून पाहणाऱ्याचे उजवे. म्हणून कुठल्या टोकाला उभे राहून, आतून की बाहेरून पाहून डावे म्हणायचे, हे आधी ठरवून कागदावर लिहावे लागते. नुसते "लेफ्ट हँड" लिहून काम भागत नाही. इथे पर्मनंट वेवाले साथी बसले आहेत, त्यांना हे शिकवायला नको. डावा सांधा कोणता? सांध्याच्या टोकाशी उभे राहून क्रॉसिंगकडे तोंड केले आणि गाडी डावीकडे फुटत असेल तर डावा. उभे कुठे राहायचे, हे त्या व्याख्येतच सांगितले आहे. पलीकडून पाहिले तर तोच सांधा उजवा वाटेल. डाव्या सांध्याचे सामान उजव्यावर चढवण्याचा प्रयत्न कुणी करत नाही, कारण ही व्याख्या ट्रॅकमनच्या अंगात मुरलेली आहे. डब्याच्या आतल्या सुतारकामात ती तशी मुरलेली नाही.

आमच्या जुन्या सुतारांनी यावर साधा उपाय काढला होता. दोन फळ्या चांगल्या बाजू समोरासमोर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या, एकदाच खूण करायची आणि एकदाच कापायच्या. पुस्तकासारख्या उघडल्या की एक डावी, एक उजवी. चूक व्हायला जागाच नाही. माटुंगा, लोअर परळ, भोपाळचे निशातपुरा, जिथे जिथे डब्यांची दुरुस्ती होते तिथल्या जुन्या सुताराला विचारा, तो हेच सांगेल. जुन्या पद्धतीच्या आयसीएफ डब्याचे आयुष्य २५ वर्षांचे धरतात. मधल्या काळात तो पूर्ण उघडून, गंज काढून, आतले पॅनेल नवे बसवून परत रुळावर येतो. त्या कामात जोडीच्या भागांना तोटा नाही.

आता यंत्राकडे येऊ. राउटरच्या टेबलावर शीट ठेवतात, खालून व्हॅक्यूमने किंवा वरून क्लॅम्पने धरतात आणि फिरणारे बिट प्रोग्रामप्रमाणे कापत जाते. डाव्या भागाचा प्रोग्राम तयार आहे. उजवा हवा. पुष्कळशा मशीनच्या कंट्रोलवर आरशाची सोय असते. एक आज्ञा दिली की एक्स अक्षावरचे सगळे आकडे उलटतात, अधिकाचे उणे होतात. ऑफिसातल्या माणसाला वाटते, झाले काम. दोन मिनिटांत उजवा भाग तयार.

तसे होत नाही. पहिली अडचण झिरोची. शीटच्या डाव्या कोपऱ्यात झिरो धरला असेल, तर आरशानंतर सगळा भाग उणे बाजूला, म्हणजे शीटच्या बाहेर जातो. लिमिट स्विच लागून मशीन थांबले तर नशीब. वाटेत क्लॅम्प आला तर बिट तुटते आणि त्याचा तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. झिरो दुसऱ्या कोपऱ्यात न्यावा लागतो आणि क्लॅम्पही दुसऱ्या बाजूला लावावे लागतात. प्रोग्राम आरशात गेला तरी क्लॅम्प आपोआप जात नाहीत! ते माणसाच्या हातानेच न्यावे लागतात.

दुसरी गंमत म्हणजे भागावर नंबर कोरायचा असेल तर तोही आरशात उलटा कोरला जातो. तुमच्या शिक्क्यासारखा, पण ठसा न घेता. आणि कुणी घाईत दोन्ही अक्षांना आरसा लावला, तर जो भाग निघतो तो पहिलाच, नुसता अर्धा फेरा फिरवलेला. डावा तो डावाच राहिला. हे मी उगीच सांगत नाही, असा ढीग मी पाहिला आहे.

तिसरी अडचण खरी तांत्रिक आहे आणि तिच्यापायी ऑपरेटरला सर्वांत जास्त बोलणी खावी लागतात. आरशात सगळे उलटते, पण स्पिंडल उलटत नाही. बिट वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्याप्रमाणेच फिरत राहते, कारण त्याची धार त्याच दिशेने घासलेली असते. डावा भाग कापताना बिट कडेभोवती घड्याळाच्या दिशेने जात असेल, तर आरशातला भाग कापताना ते घड्याळाच्या उलट जाते. प्रोग्रामच्या भाषेत जी-०२ ची कमान जी-०३ होते आणि कडेच्या डाव्या अंगाने चालण्याची जी-४१ ही आज्ञा जी-४२ होते. याचा परिणाम असा की पहिल्या भागात बिटाचा दात मालात शिरताना जाड ढलपी घेऊन सुरुवात करतो आणि पातळ करत सुटतो. दुसऱ्यात पातळ सुरुवात करून जाडात शिरतो आणि सुटताना लाकडाचे धागे उपसू शकतो. पहिल्याला क्लाइंब कट म्हणतात, दुसऱ्याला कन्व्हेन्शनल. सुताराला वेगळे सांगायला नको. रेषेला धरून रंधा मारणे आणि रेषेच्या उलट मारणे यात जसा फरक, तसाच हा आहे.

म्हणजे तेच मशीन, तीच शीट, तेच बिट, तोच ऑपरेटर आणि तरीही डाव्या भागाची कड गुळगुळीत, उजव्याची खरबरीत. इन्स्पेक्शनवाला म्हणतो, ऑपरेटर उजव्या भागाला लक्ष देत नाही. ऑपरेटरने काय करावे? फीड कमी केला तर उत्पादन कमी झाले म्हणून बोलणी, नाही केला तर कड खराब म्हणून बोलणी. उपाय ऑपरेटरच्या हातात नाही, ऑफिसात आहे. आरसा मशीनवर लावायचा नाही. आधी ड्रॉइंग आरशात उलटायचे आणि मग त्या उलट्या ड्रॉइंगवरून कापण्याचा मार्ग नव्याने काढायचा, म्हणजे दोन्ही भाग एकाच पद्धतीच्या कटने निघतात. कुठल्या मालाला कुठला कट मानवतो ते भंगारातल्या तुकड्यावर कापून पाहावे, प्लायवूड आणि लॅमिनेट यांचे उत्तर एकच येईल असे नाही. पण जोडीतले दोन भाग दोन पद्धतींनी कापायचे आणि सारख्या कडेची अपेक्षा करायची, याला काही अर्थ नाही.

आता एक प्रकरण सांगतो. शॉपचे नाव घेत नाही, रेल्वेचेही नाही. एका तरुण ऑपरेटरला एसएफ-११ चा कागद मिळाला. उजव्या हाताची ठरलेली पार्टिशन पॅनेल त्याच्या पाळीत सगळी डाव्या हाताची निघाली होती. नुकसानीची रक्कम पगारातून वसूल का करू नये, असा मजकूर होता. तो मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याला स्वतःलाच कळत नव्हते की चुकले काय. त्याने प्रोग्रामला हात लावला नव्हता. सकाळच्या पाळीने त्याच प्रोग्रामवर बरोबर पॅनेल काढली होती.

मी शॉपमध्ये गेलो आणि सकाळच्या पाळीचे पॅनेल व त्याचे पॅनेल शेजारी ठेवून पाहिले. मग स्टोअरचे इश्यू रजिस्टर मागवले. सगळा उलगडा त्या रजिस्टरात झाला. या कामाला खाली दाबणारे बिट लागते, म्हणजे ज्याचा पीळ ढलप्या खाली ढकलतो, त्यामुळे वरच्या लॅमिनेटची कड स्वच्छ राहते. ते बिट दुपारी तुटले. स्टोअरमध्ये दुसरे नव्हते. ढलप्या वर ओढणारे बिट देण्यात आले. त्या बिटाने वरचे लॅमिनेट उचकटते आणि खालची कड मात्र स्वच्छ निघते. मुलाने दोन-तीन इंच कापून पाहिले, लॅमिनेट फाटते आहे हे ओळखले आणि शीट पालथी ठेवली, लॅमिनेट खाली. कड सुरेख निघाली. कारागिराने करावे तेच त्याने केले होते.

पण शीट पालथी घातली की हात बदलतो! पाठीकडून पाहिल्यावर जो उजवा दिसतो, तो उलटून लॅमिनेटकडून पाहिला की डावा असतो. प्रोग्राम लॅमिनेट वर धरून लिहिलेला होता. ही गोष्ट प्रोग्रामवर, ड्रॉइंगवर, जॉब कार्डावर कुठेच लिहिलेली नव्हती. ड्रॉइंगवर एवढेच होते: डावा दाखवल्याप्रमाणे, उजवा अपोझिट हँड. पहिला तुकडा तपासून सही करायला बिट बदलल्यावर कुणी आले नव्हते. सकाळी सही झाली होती, तीच दिवसभर चालवली.

आता कायद्याची बाजू, कारण वर्गात तीही आली पाहिजे. रेल्वे सर्व्हंट्स डिसिप्लिन अँड अपील रूल्स, १९६८ मधील नियम ६ प्रमाणे पगारातून वसुली ही किरकोळ शिक्षांमध्ये मोडते. किरकोळ हा शब्द ज्याने लिहिला त्याचा पगार मोठा असावा. पण त्याच नियमात वसुलीला एक अट आहे. नुकसान त्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे झालेले असले पाहिजे. नुसते नुकसान झाले आणि हा मशीनवर होता, एवढे पुरेसे नाही. नियम ११ खाली कागद आला की दहा दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे असते. हे दहा दिवस साहेबाच्या केबिनबाहेर उभे राहण्यात घालवू नयेत. कागदपत्रे मागावीत, ड्रॉइंगची प्रत, प्रोग्रामची तारीख, स्टोअरचे रजिस्टर, फर्स्ट पीसची नोंद. चौकशी करावी अशी मागणीही त्याच उत्तरात लिहून द्यावी. आणि शिक्षा झालीच तर आदेश हाती पडल्यापासून ४५ दिवसांत अपील.

आम्ही उत्तरात तीनच मुद्दे मांडले. लॅमिनेट वर ठेवा असा आदेश लेखी नाही, तोंडीही नाही, म्हणून आदेशभंग नाही. ठरलेले बिट प्रशासनाने पुरवले नाही आणि मुलाने माल वाचवण्यासाठी शीट उलटली, म्हणून निष्काळजीपणा नाही. बिट बदलल्यावर पहिला तुकडा तपासणे हे ज्याचे काम, त्याने ते केलेले नाही. वसुली रद्द झाली. लेखी ताकीद मात्र दिली. ताकीद ही नियमाप्रमाणे शिक्षा नाही, तरी ती सुद्धा द्यायला नको होती, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

टपाल खात्यातल्या साथींनो, तुमच्याकडे सीसीएस सीसीए रूल्स, १९६५ चा नियम १६ आहे. वसुलीचे दुखणे तुमच्याकडे आमच्यापेक्षा जुने आणि जास्त आहे. घोटाळा एकाचा आणि "कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स" या नावाखाली वसुली भलत्याच पोस्टल असिस्टंटकडून, हे तुम्ही वर्षानुवर्षे पाहता. तिथेही प्रश्न हाच लावून धरायचा. माझ्या कोणत्या चुकीमुळे नेमके किती नुकसान झाले ते दाखवा.

तुमच्याच खात्यातली एक गोष्ट आम्हाला फार उपयोगाची आहे. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या आपल्या मराठी अधिकाऱ्याने घडवला. संस्कृतचे पंडित, कवी, आणि काम काय केले तर सहा आकड्यांचे! एकाच नावाची गावे देशात पन्नास, त्यात अनेक लिप्या, अनेक उच्चार. त्यांनी नावांशी झगडा केला नाही, प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा आकडा दिला. पत्र रामपूरला जायचे की दुसऱ्या रामपूरला, हे सॉर्टरला आता अंदाजाने ठरवावे लागत नाही.

आमच्या ड्रॉइंगवर डाव्या आणि उजव्या भागाला एकच नंबर असतो आणि खाली "अपोझिट हँड" अशी टीप. म्हणजे दोन रामपुरे, एकच आकडा. मोटार कारखान्यांत ठिकठिकाणी डाव्या भागाला विषम आणि उजव्याला सम नंबर देण्याचा रिवाज आहे. नंबर पाहिला की हात कळतो, ड्रॉइंग उघडायची गरज नाही. हे करायला नवे मशीन लागत नाही, पैसा लागत नाही. ड्रॉइंग ऑफिसने बसून एकदा यादी करायची आहे.

कुणी म्हणेल, सेक्रेटरीसाहेब, हे तर मॅनेजमेंटचे काम, युनियनने यात का पडावे? पडावे लागते. जबलपूर डिव्हिजन ३१ मार्च २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होते. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वे सुरू झाली आणि मुख्यालय मुंबईहून आपल्या गावात आले. साहेब जवळ आले, म्हणजे प्रश्न आपोआप सुटले असे झाले नाही. प्रोग्राम लिहिणारा एका इमारतीत, कापणारा दुसऱ्या इमारतीत, कधी कधी प्रोग्राम बाहेरच्या ठेकेदाराकडून येतो. दोघांमध्ये जो कागद जायला हवा तो जात नाही आणि चुकीचा भाग सापडतो तो कापणाऱ्याच्या टेबलावर. म्हणून दोष त्याचा. हे असे चालू राहिले तर उद्या कुणी हुशार माणूस शीट उलटण्याआधी लॅमिनेट फाटू देईल, कारण फाटलेल्या लॅमिनेटची जबाबदारी बिटावर जाते आणि उलट्या पॅनेलची त्याच्यावर.

मशीनला विरोध हा आपला मुद्दा नाही. राउटरने सुताराची छाती धुळीपासून पुष्कळ वाचवली आहे, अर्थात धूळ ओढणारा पंखा चालू असेल तर. मुद्दा एवढाच की ज्याने आयुष्यभर फळ्या समोरासमोर लावून जोड कापले, त्या सुताराला प्रोग्राम तयार होताना विचारा. निवृत्तीला दोन वर्षे राहिली म्हणून त्याला कोपऱ्यात बसवू नका. शीट पालथी घातल्यावर हात बदलतो, हे त्याला कागद-पेन्सिलीशिवाय कळते.

पीएनएमच्या पुढील बैठकीसाठी आपण जो विषय देणार आहोत त्याचा मसुदा वाचून दाखवतो, सूचना असतील तर आताच सांगा. "जोडीच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र नंबर देण्यात यावा. प्रत्येक सीएनसी कामासोबत सेटअपचा कागद मराठी किंवा हिंदीत द्यावा आणि त्यावर शीटची कोणती बाजू वर, झिरो कोणत्या कोपऱ्यात, कोणते बिट आणि हात कुठून पाहून ठरवला, हे चित्रासह दाखवावे. बिट, पाळी किंवा शीटची बाजू बदलल्यास पहिला तुकडा पुन्हा तपासून सही होईपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला लेखी असावा आणि त्या वेळेचे नुकसान त्याच्या इन्सेन्टिव्हमधून कापू नये."

शाखा सेक्रेटरींनी आपापल्या शॉपमध्ये ज्या ड्रॉइंगवर "अपोझिट हँड" एवढेच लिहिले आहे, त्यांचे नंबर महिनाअखेरीपर्यंत युनियन ऑफिसात आणून द्यावेत. टपाल शाखांनी गेल्या वर्षातल्या वसुलीच्या आदेशांच्या प्रती द्याव्यात. त्या एकत्र लावून पुढच्या वर्गात वाचू.